वांग्यांबरोबर भाजलेला विळा

माझ्या हातून पोळी करपते, दूध उतू जातं, हे आमच्या सगळ्या घराला माहीत आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही. पण मी एकदा लोखंड करपवलं. तेही सासऱ्यांचं. आणि गंमत म्हणजे मी जळगावच्या एका कॉलेजात बावीस वर्षं धातुशास्त्र शिकवते. लोखंड कसं तापवायचं आणि कसं तापवायचं नाही, याच गोष्टीचा मला दरमहा पगार मिळतो. हसा, हसून घ्या. माझी धाकटी जाऊ अजून हसते.

माझं माहेर धुळ्याचं, सासर फैजपूरचं. सासरी केळीचा मळा आहे. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणतं, म्हणून मीही आबाच म्हणते. थंडी पडली की मळ्यात भरताचा बेत ठरतो. बामणोदची हिरवी, हाताच्या पंजाएवढी वांगी येतात, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ होतो आणि पन्नास-साठ वांगी एकदम निखाऱ्यात पडतात. त्यात धुळेवाली सून म्हणून भाजायचं काम माझ्याकडे, कारण मी एकदा फुशारकीनं म्हणाले होते की आमच्या धुळ्याकडे भरीत याहून चांगलं होतं. माय वं, तेव्हापासून ती भट्टी माझ्या गळ्यात पडली आहे.

त्या दिवशी चिमटा घरी राहिला. जाऊ म्हणते, "मी तुमच्याच हातात दिला होता, ताई." मी म्हणते दिला नव्हता. हा वाद अजून मिटलेला नाही. इकडे वांगी एका अंगानं जळू लागली होती. मी इकडेतिकडे बघितलं, तर शेडच्या कुडाला आबांचा विळा खोचलेला. लांब पातं, लाकडी मूठ, वांगं उलटायला अगदी माप घेऊन केल्यासारखा. घेतला. झकास उलटली वांगी. टोचायला, ओढायला, सगळ्याला सोयीचा. तेवढ्यात भरीत ठेचायला हाक आली, तेव्हा मी विळा निखाऱ्यात खोचला आणि गेले.

मग भरीत ठेचून झालं, हिरव्या मिरचीची, कांद्याच्या पातीची फोडणी झाली, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी झाली, दोन पंगती उठल्या. पोटावर हात फिरवत मी जाळाकडे गेले तर पातं निखाऱ्यात लालबुंद झालेलं आणि मुठीतून धूर निघतोय. ओढून काढला, गवतावर टाकला. थंड झाल्यावर मुठीचं जळकं टोक खरवडलं, विळा राखेनं घासला, तर एरवी चकाकणारं पातं करडं पडलेलं. मी तो पुन्हा कुडाला खोचून ठेवला आणि कुणाला काही बोलले नाही.

मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. चांगलं कळलं होतं. विळ्याचं पोलाद जन्मतः कडक नसतं, त्याला पाणी द्यावं लागतं. म्हणजे आधी लाल तापवायचं आणि एकदम तेलात किंवा पाण्यात बुडवायचं. मी पोरांना सांगते की लाल तापलेलं पोलाद म्हणजे लग्नघर, लोखंडाच्या कणांमध्ये कार्बनचे पाहुणे हवे तिथे घुसून बसलेले असतात. हळूहळू थंड केलं तर पाहुणे आपापल्या गावी निघून जातात आणि घर सैल पडतं. एकदम थंड केलं तर दारं लागतात आणि पाहुणे आत अडकतात. कुणालाच हलता येत नाही, म्हणून पातं कडक होतं. पण इतकं ताणलेलं की टिचकी मारली तरी तुटेल. म्हणून ते पुन्हा थोडं, अगदी मोजून तापवायचं, म्हणजे दोन-चार पाहुणे हलतात, ताण उतरतो आणि कडकपणा राहतो. मी काय केलं होतं? निखाऱ्यात तासभर ठेवून बठ्ठे, म्हणजे आमच्या धुळ्याच्या बोलीत सगळे, पाहुणे घरी पाठवून दिले होते.

आणि हा विळा साधासुधा नव्हता. फैजपुरातल्या चाचांनी तो ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून घडवला होता. चाचा म्हणजे आमच्या गावचे लोहार, आबांच्याच वयाचे. आबा त्यांना मिस्तरी म्हणतात. मुठीजवळ पात्यावर चाचा तीन ठिपके उठवतात, ती त्यांची खूण. तीन ठिपके असले की धार कुणी तपासत नाही. दर वर्षी आबा सगळ्या भाऊबंदांची अवजारं गोळा करून त्यांच्याकडे नेतात, हा आमच्याकडचा रिवाज आहे. चाचांकडे ना तापमापक ना घड्याळ. दुकानाचं दार लोटून अंधार करायचा आणि तापत्या पात्याचा रंग डोळ्यांनी बघायचा, एवढंच. त्या वर्षी दिवाळीनंतर चाचांनी दोन्ही डोळे बनवून आणले होते, मोतीबिंदूचे. तेव्हापासून बाजारात कुजबुज होतीच की म्हाताऱ्याला आता रंग नीट दिसतो की नाही देव जाणे, आणि आबांचा हा विळा त्यानंतरच घडवलेला, अजून एकही घड न कापलेला.

भरताला आठवडा झाला असेल. मळ्यात घड कापायला माणसं आली, केळीची गाडी बांधावर उभी. आबांनी नेहमीप्रमाणे पहिला घड स्वतः कापायला विळा मारला. दांडा कापला गेला नाही, धारच दुमडली. दुसऱ्या घावाला टोक वाकलं. दहा माणसं बघत होती. आबांना राग आला की आधी मिशी हलते, मग तोंड.

"इळा हाय का चमचा हाय हा?" आबा ओरडले. "मिस्तरीनं पाणीच नाई दिलं याले!"

आणि एवढ्यावर थांबले असते तर ते आबा कसले. त्यांनी खिशातून फोन काढला आणि भाऊबंदांच्या ग्रुपवर आवाजी निरोप टाकला. मीही आहे त्या ग्रुपवर. दुपारी स्टाफरूममध्ये चहा पिता पिता ऐकला. मिस्तरीचे डोळे गेले, आता त्याच्यावर भरवसा ठेवू नका, या वर्षीची सगळी अवजारं मी सावद्याच्या तयार मालाच्या दुकानात नेणार, आपापले कोयते-विळे शनिवारपर्यंत आणून द्या. खाली लगेच अंगठेच अंगठे. मी कप तसाच खाली ठेवला.

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? फोन उचलून सांगितलं असतं, आबा, माझी चूक झाली. पण मी शिकलेली बाई. मी आबांना फोन करून म्हणाले, "विळा माझ्याकडे पाठवा, आमच्या प्रयोगशाळेत तपासून घेऊ." आबा खूश. सून काय हुशार! दुसऱ्या दिवशी विळा एसटीतून जळगावला आला, वर्तमानपत्रात गुंडाळून, जसा कुणी आजारी नातेवाईक यावा.

माझा बेत साधा होता. विळ्याला पुन्हा पाणी द्यायचं, परत करायचा आणि म्हणायचं, बघा, कडक तर आहे! कुणाला काही बोल नको, कुणाची बदनामी नको. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी प्रयोगशाळेत शिरले. आमची विजेची भट्टी पावाच्या डब्याएवढी. पोरं तिच्यात बोटाएवढे तुकडे ठेवतात, विळा कुठून मावणार? वाकलेलं टोक ठोकून सरळ केलं, जळकी मूठ उपटली, तिरका घातला, आडवा घातला, तरी दार दोन बोटं उघडंच. शेवटी फटीला विटा लावल्या. उष्णता बाहेर पळत होती म्हणून मी काटा वर चढवला, मग आणखी वर चढवला. घाईत होते ना. मग लालभडक पातं काढून तेलात बुडवलं. धूर, फसफस, खोकला, डोळ्यांतून पाणी. पण कानस फिरवली तर पात्यावरून घसरली. असा कडक झाला होता की मला माझाच अभिमान वाटला.

आता तो पुन्हा मोजून तापवायचा राहिला होता, दीड-दोन तासांचं काम. नेमका तेव्हाच जाऊचा फोन आला. "ताई, आबांनी बेत बदलला, उद्या सकाळीच निघतात सावद्याला. अर्धी अवजारं ट्रॅक्टरमध्ये भरली." इकडे शिपाई दारात किल्ल्या वाजवत उभा. मी मनात म्हटलं, कडक झाला ना, बास झालं. जे वाक्य लिहिलं म्हणून मी पोरांचे मार्क कापते, तेच मी स्वतःला ऐकवलं. नवी मूठ ठोकली आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं भुसावळवरून फैजपूर गाठलं.

आबा ट्रॅक्टरजवळच होते. मी ऐटीत विळा पुढे केला. "तपासला आबा. उत्तम आहे. कानस फिरवून बघा."

आबांनी कानस फिरवली. घसरली. पुन्हा फिरवली. पुन्हा घसरली. आबांची मिशी हलली नाही, हे मला तेव्हाच जाणवायला हवं होतं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"म्हंजे मी मिस्तरीले उगाच बोललो," ते म्हणाले. "बठ्ठ्या गावासमोर." हा 'बठ्ठ्या' ते माझ्याकडून शिकलेत. "चल. माफी मागून येऊ."

माझा डाव इतका जिंकेल असं मला वाटलं नव्हतं. "आबा, फोनवर सांगा ना," मी म्हणाले. आबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी निमूट चपला घातल्या.

चाचांचं दुकान उघडं होतं, पण भट्टी थंड. राख कोरडी. एरवी सकाळी त्या गल्लीत ठणठण ऐकू येते, आज शांत. चाचा स्टुलावर बसले होते, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, गुडघ्यांवर हात. आम्हाला बघून उठले.

आबांना माफी मागायची सवय नाही, त्यामुळे त्यांनी ती भांडल्यासारखी मागितली. "मिस्तरी, माझी चूक झाली. इळा कडक हाय. सूनबाईनं कालेजात तपासला. हा घ्या, पहा."

चाचांनी विळा घेतला. एक क्षण चेहरा उजळला हो त्यांचा. मग त्यांनी कुठलंही पातं हातात आलं की करतात तेच केलं, ऐरणीच्या कडेवर ते हलकंच आपटलं, आवाज ऐकायला.

टिण् झालं. आणि अर्धा विळा खाली पडला.

चाचा खाली वाकले, तुकडा उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. त्यांच्या अंगठ्याखाली ते तीन ठिपके होते. आधी नरम निघालेला आणि आता काचेसारखा तुटलेला, दोन्ही दोष एकाच पात्यात, आणि वर त्यांची खूण. त्यांनी तुकडा ऐरणीवर ठेवला आणि ठिणग्यांसाठी पुढे बांधतात तो गळ्यातला चामड्याचा पट्टा काढायला लागले.

"आबा, तुमी खरंच बोलले होते," चाचा म्हणाले. "ऑपरेशनच्या आधी मले सारं पिवळं दिसे. चाळीस वर्षं ज्याले मी गव्हाळ म्हणे, ते आता येगळंच दिसते. निळं तर इतकं निळं दिसते की भ्या वाटते. मी म्हटलं, पाहू, सवय होईन. नाई झाली. तुमचं बोलणं कानावर आलं तवापासून भट्टीच पेटवली नाई. आता पेटवत बी नाई." आणि पट्टा घडी करून खुंटीला लावायला वळले.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगते. मेल्याहून मेल्यासारखं वाटलं. त्या माणसाचे डोळे डॉक्टरनं बनवून दिले होते आणि मी एका वांग्याच्या पायी ते काढून घेतले होते.

"चाचा, थांबा!" मी ओरडलेच. "मी भाजला तो! मी! भरीत करताना. चिमटा नव्हता म्हणून निखाऱ्यात घातला आणि जेवायला बसले. म्हणून तो नरम झाला. मग कॉलेजात नेऊन मी परत पाणी दिलं, भट्टी जास्त तापवली आणि नंतरचं तापवणं केलंच नाही. म्हणून तुटला. तुम्ही केलेला विळा चांगला होता. तुमचं काही चुकलं नाही. मला माफ करा." हे सगळं मी एका दमात बोलले आणि मग मला रडू फुटलं, नाक पुसायला रुमालही नव्हता.

आबा माझ्याकडे बघतच राहिले. "बावीस वर्षं," ते म्हणाले, "तू पोट्ट्यांले शिकवते काय?"

चाचा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पट्टा खुंटीला अडकवून ते वळले आणि त्यांनी मला एकच विचारलं. "निखाऱ्यात किती येळ होता?"

"ठेचणं, फोडणी, दोन पंगती."

"आन कालेजची भट्टी लय तापवली?"

"लय."

त्यांनी तुकडा पुन्हा उचलला आणि दारात उजेडाला गेले. काळा चष्मा काढला. जिथे तुटला होता ती कड त्यांनी कितीतरी वेळ बघितली. "रवा हाय," ते म्हणाले. "जाड रवा. माझ्या हातचं तुटलं तर मैद्यासारखं दिसते. हा रवा मले मघाच दिसला होता." त्यांनी तुकडा खाली ठेवला. "मले वाटलं, डोळ्यातच रवा आला." आणि उंबऱ्यावर बसून त्यांनी गमछ्यानं ते नवे डोळे पुसले.

मी इतक्या परीक्षा घेतल्या, तुटलेल्या कडेवरून, जास्त तापल्यानं पोलादाचे कण मोठे झाल्याचं ओळखणारा विद्यार्थी मला वर्षातून एखादा भेटतो, तोही सूक्ष्मदर्शक लावून. आणि या माणसानं ते नुसत्या डोळ्यांनी ओळखलं होतं आणि माझ्यामुळे स्वतःच्या ओळखण्यावरचा विश्वास घालवून बसला होता.

आबांनी खुंटीवरचा पट्टा काढून चाचांच्या मांडीवर टाकला. "पेटव मिस्तरी," ते म्हणाले. "ट्रॅक्टर भरेल हाय, सावद्याले नाई जात आता." मग माझ्याकडे वळून, "आन तू फिरव तो पंखा."

मी भट्टीचा पंखा फिरवला. आमच्या आबांनी आयुष्यात कुणाला इतकी योग्य शिक्षा दिली नसेल, दंड भरून आले माझे. कमानपाट्याचा तुकडा तापला, ठोकला, वळला, पुन्हा तापला. दुपारपर्यंत विळ्याचा आकार आला. मग चाचांनी दार लोटलं, अंधार झाला. पातं लाल झालं, तेलात गेलं, बाहेर आलं. त्यांनी विटेच्या तुकड्यानं एक बाजू घासून चकचकीत केली आणि निखाऱ्यांच्या वर धरली, आत नाही, नुसती वर. आता त्या चकचकीत पोलादावर रंग चढणार होते आणि नेमक्या रंगावर थांबायचं होतं. चाचांनी सांडशी दोन्ही हातांनी धरली.

"सूनबाई, तू बोलू नको," ते म्हणाले. "मी बोलतो. चुकलो तर सांग."

मी पात्यावर नजर ठेवली. हा असा रंग मी फळ्यावर खडूनं काढते, खरा बघायला कोण वेळ देतो.

"गव्हाळ," चाचा म्हणाले. बरोबर होतं. "आता तांबूस." बरोबर. मग जरा थांबले. मला दिसत होतं की ते जुना पिवळा रंग मनातून पुसून नवा लावताहेत. "आता... आता वांगी रंग. बस!" आणि पातं तेलात. वांगी रंग म्हणजे जांभळा, आमच्या हिरव्या वांग्यांचा नव्हे, पण त्या शब्दानं आबांना खोकला आला.

"बरोबर?" चाचांनी विचारलं.

"अगदी बरोबर," मी म्हणाले. "मी असते तर उशीर केला असता." हे खरं होतं. मी त्या वेळी अजून तांबूसच म्हणत होते.

त्यांनी पातं ऐरणीच्या कडेवर आपटलं. नुसतं वाजलं. मग त्यांनी छिन्नी घेऊन तीन ठिपके उठवले, एका ओळीत, एका मापाचे.

आबांनी फोन माझ्यापुढे धरला. "बोल. जितक्यांनी माझं ऐकलं, तितक्यांनी तुझं बी ऐकू दे." मग मी ग्रुपवर आवाजी निरोप टाकला. वांगी, विळा, कॉलेज, सगळं घडाघडा सांगितलं. लाज वाटली, पण एकदा सुरू झाल्यावर मला त्यात मजाही येऊ लागली, खोटं कशाला बोलू. खाली अंगठे आले नाहीत. हसून डोळ्यांत पाणी आलेली पिवळी तोंडं आली, चाळीसच्या वर. जाऊनं एकटीनंच नऊ टाकली. एका चुलतसासऱ्यांनी लिहिलं की यापुढे सुनेला मळ्यात सोडताना अवजारं कुलपात ठेवावीत. दुपारनंतर चाचांच्या दारापुढे विळे-कोयत्यांची अशी रांग लागली की ते म्हणाले, आज भट्टी विझवायला मिळणार नाही.

पुढच्या थंडीत भरताच्या दिवशी चाचांना आम्ही आवर्जून बोलावलं. ते कागदात काहीतरी गुंडाळून घेऊन आले आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात दिलं. हातभर लांब चिमटा होता. टोकाला किंचित वळण, वांगं नेमकं धरायला. जोडाजवळ तीन ठिपके.

मी तो उलटासुलटा करून बघत होते. सवयीनं विचारलं, "चाचा, याला पाणी कशाचं दिलं? तेलाचं की साधं?"

"कशाचंच नाई," चाचा म्हणाले. "नुसतं नरम लोखंड हाय. तुले किती जाळायचं तितकं जाळ, बेटी. याचं तू काईच बिघडवू शकत नाई."